उलट्या चोचीचा घास

कुंभारगावच्या काठावरून होडी सुटते तेव्हा खाली जेमतेम मांडीभर पाणी असतं. पुढे तेही कमी होत जातं. नावाडी इंजिन बंद करतो आणि लांब बांबू तळाला रोवून होडी ढकलू लागतो. प्रत्येक रेट्याबरोबर काळा गाळ वर येतो, बुडबुडे फुटतात, वास पसरतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावरची मार्चमधली सकाळ. दूर, पाण्याच्या कडेला एक पांढरट-गुलाबी पट्टा दिसतो. जवळ जाऊ तसे त्या पट्ट्याला लांबच लांब गुलाबी पाय दिसू लागतात, वर गोल अंगं दिसतात, पण डोकी दिसत नाहीत. शेकडो पक्षी उभे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं डोकं पाण्यात आहे.

“ताई, आता उभ्या राहू नका,” नावाडी म्हणतो. “माना वर झाल्या की समजायचं, आपण लई जवळ आलो.”

इथल्या होडीवाल्यांचं हे माप आहे. माना खाली आहेत तोवर पक्षी खातोय. एक मान वर आली, मग शेजारची, मग सगळ्या, की थवा उडालाच म्हणायचा. आलेल्या बऱ्याच जणांना तेच हवं असतं, कारण पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग दिसतो आणि फोटो चांगला येतो. शहाणा नावाडी त्यांचं ऐकत नाही. हीच माणसं याच होडीतून रात्री चिलापी माशांसाठी जाळी टाकतात. पाण्याखाली कुठे गाळ मऊ आहे, कुठे जुना बांध किंवा विहिरीचा कठडा आहे, हे त्यांना बांबूच्या टोकाने कळतं. हे पक्षी कुठे सापडतील याचा अंदाजही ते पाण्याच्या खोलीवरूनच बांधतात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘अन्न’ हा विषय दिला. त्यावर माणसांच्या स्वयंपाकघरांविषयी पुष्कळ लिहून येईल हे उघड होतं. मला एका पक्ष्याचं जेवण पाहावंसं वाटलं. रोहित, ज्याला पक्षिमित्र अग्निपंख म्हणतात आणि शहरात सगळेच फ्लेमिंगो म्हणतात, हा महाराष्ट्रात सर्वांत जास्त फोटो काढला जाणारा पाणपक्षी असावा. पण फोटोत तो मान उंच करून उभा असतो किंवा उडत असतो. प्रत्यक्षात जागेपणीचा बहुतेक वेळ तो मान खाली घालून असतो. त्याचे पाय, त्याची मान, त्याची वाकडी चोच आणि त्याचा रंगसुद्धा त्या खाली घातलेल्या मानेतून आलेला आहे. जेवण समजलं की पक्षी समजतो, आणि तो वाचवायचा म्हणजे नेमकं काय वाचवायचं हेही समजतं.

चोचीचं वाकण

दुर्बिणीतून एखादा पक्षी मान वर करताना पकडला की चोच नीट दिसते. कपाळापासून सरळ निघालेली चोच मध्यावर अचानक खाली वळते. आपल्याकडे मोठा आणि छोटा अशा रोहिताच्या दोन जाती दिसतात; मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. बहुतेक पक्ष्यांत वरची चोच मोठी आणि खालची तिला जुळणारी असते. इथे सगळं उलट आहे. खालचा जबडा खोल आणि रुंद, वरचा पातळ आणि अरुंद. खाताना पक्षी मान सरळ खाली सोडतो, डोकं आत वळवतो आणि चोचीचं टोक स्वतःच्या पायांकडे येतं. डोकं उलटं झालेलं असतं, त्यामुळे वरचा जबडा खाली जातो आणि खालचा वर येतो. वरचा जबडाही हलू शकतो, म्हणून या उलट्या अवस्थेत त्याचं काही अडत नाही.

वाकण कशासाठी, याचं उत्तर फार सुंदर आहे. सरळ चोच थोडी उघडली तर टोकाशी फट मोठी होते आणि बिजागरीशी जवळजवळ नसतेच. पाणी गाळून खाणाऱ्याला अशी फट कुचकामी, कारण टोकाशी नको ते आत येणार आणि मुळाशी काहीच येणार नाही. चोच मधोमध वाकवली की थोडीशी उघडल्यावर तिच्या पुढच्या भागात जवळपास सारख्या रुंदीची फट तयार होते. त्या सगळ्या लांबीवरून पाणी आत घेता येतं आणि फटीपेक्षा मोठं काही आत शिरत नाही.

आत शिरलेलं पाणी जीभ हलवते. रोहिताची जीभ जाड, मांसल, खालच्या जबड्याच्या खोल खोबणीत बसलेली. ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे जाते तेव्हा पाणी आत ओढलं जातं, पुढे येते तेव्हा बाहेर फेकलं जातं. जबड्यांच्या आतल्या कडांना पातळ पापुद्र्यांच्या ओळी आहेत. पाणी त्यांच्यामधून निघून जातं, खाद्य अडकतं, आणि जिभेवरचे मागे वळलेले काटे ते घशाकडे सरकवतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पेनेलोप जेन्किन यांनी १९५७ मध्ये रोहितांच्या या गाळण्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. आजही या विषयावर बोलताना त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. मोठ्या रोहिताची जीभ सेकंदाला चार-पाच वेळा मागेपुढे होते, छोट्या रोहिताची वीसच्या आसपास. होडीतून हे दिसत नाही. दिसतं ते एवढंच की चोचीच्या दोन्ही बाजूंनी पाण्यावर बारीक तरंग उठत राहतात.

या जिभेच्या मांसलपणाची किंमत या पक्ष्याने मोजलेली आहे. प्राचीन रोममध्ये श्रीमंतांच्या मेजवान्यांत रोहिताच्या जिभा वाढल्या जात. पाण्यातून कणकण अन्न वेचायला घडलेला अवयव दुसऱ्याच्या ताटात एका घासात संपत असे.

पायांनी रांधलेलं पाणी

आमच्या होडीपासून सुरक्षित अंतरावर एक पक्षी बराच वेळ जागच्या जागी पाय आपटत होता. चोच पाण्यात एका ठिकाणी रोवलेली आणि पाय तिच्याभोवती गोल फिरणारे. त्याने पूर्ण फेरा मारला, थांबला, दोन पावलं पुढे गेला आणि पुन्हा तेच सुरू केलं. पाणी उतरल्यावर अशा जागी गाळात उथळ, गोल खळगे दिसतात. नावाड्याने असे कोरडे पडलेले खळगे नंतर काठाजवळ दाखवलेही.

रोहिताच्या बोटांमध्ये पडदा असतो. पाय खाली जाताना तो पसरतो, वर येताना मिटतो. गाळात दडलेल्या अळ्या, कृमी, बारीक शिंपले, पाण्यातली बियाणी हे सगळं त्या आपटण्याने सुटं होऊन वर येतं. एवढं आधीपासून माहीत होतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे व्हिक्टर ओर्तेगा-हिमेनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात नवी भर घातली. त्यांनी नॅशव्हिलच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिली देशातल्या जातीच्या रोहितांना उथळ पाण्यात खाताना अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. चोच आणि पायांच्या प्रतिकृती करून पाण्याचे प्रवाह मोजले. त्यांना आढळलं की हा पक्षी पाण्यात भोवरे तयार करतो आणि त्या भोवऱ्यांत खाद्य कोंडतो. पाय आपटून उठलेले भोवरे गाळातलं खाद्य चोचीकडे लोटतात. डोकं तळापासून झटकन वर ओढलं की छोटं चक्रीवादळ उठावं तसा भोवरा तयार होतो आणि तळचे कण वर येतात. डोकं स्थिर ठेवून चोच वेगाने उघडमीट करणं, सेकंदाला बारा वेळा, हीसुद्धा पाणी खेचण्याची युक्ती आहे. कोळंबीसारखे चपळ जीव पळू शकतात; भोवऱ्यात सापडले की पळता येत नाही.

म्हणजे रोहित पाण्यात जे असेल ते निमूटपणे गाळत बसत नाही. तो शिकार करतो, पाणी हाताळून. हे कळल्यावर त्या पाय आपटणाऱ्या पक्ष्याकडे पुन्हा बघितलं तेव्हा त्याची प्रत्येक हालचाल मला कामाची वाटू लागली.

या सगळ्याला एक अट आहे, आणि ती फार कडक आहे. पाण्याची खोली पायांना आणि मानेला जुळली पाहिजे. मोठा रोहित माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा उंच असतो. त्याचा जो सांधा गुडघा उलटा वाकल्यासारखा दिसतो तो खरं तर घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला. एवढ्या लांब पायांमुळे तो इतर पाणपक्ष्यांना न पोचणाऱ्या पाण्यात उभा राहू शकतो. जास्त खोल पाण्यात तो पोहतो आणि बदकासारखी शेपटी वर करून खातोही, पण ती सोयीची गोष्ट नाही. सोयीचं पाणी म्हणजे घोट्यापासून पोटापर्यंतचं, खाली मऊ गाळ असलेलं.

उजनीत असं पाणी एका जागी टिकत नाही. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. हिवाळ्यापासून कालव्यांतून आणि नदीतून सोलापूरकडे पाणी सुटतं, पातळी उतरू लागते आणि काठ रोज मागे सरकतो. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर शेतकरी पिकं घेतात. आणखी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं आणि माणसं तिकडे गर्दी करतात. रोहितांची पंगत या सरकणाऱ्या काठाबरोबर सरकते. आज कुंभारगावसमोर, पुढच्या आठवड्यात डिकसळच्या बाजूला. पाऊस भरपूर झाला आणि धरण बराच काळ भरलेलं राहिलं की ते उशिरा येतात. पक्षी का आले नाहीत असं विचारणाऱ्या लोकांना होडीवाले धरणाचे टक्के सांगतात आणि ते अगदी योग्य उत्तर असतं.

याच पाण्यात इतरांचीही जेवणं चाललेली असतात. चमचे पक्षी चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून डावीकडे-उजवीकडे फिरवत चालतात. चोचीच्या आतल्या बाजूला मासा नुसता लागला की ती मिटते. शेकाटे पाण्यावरचे किडे वरच्या वर टिपतात. पाणटिवळे लांब चोच चिखलात मुळापर्यंत खुपसतात. एकाच चिखलावर एवढी माणसं जेवायला बसली असती तर भांडणं झाली असती. इथे प्रत्येकाची चोच वेगळं काहीतरी उचलते.

खाडीतला धाकटा भाऊ

उजनीत दिसतो तो मुख्यतः मोठा रोहित. छोटा रोहित बघायचा तर ठाण्याच्या खाडीवर जावं लागतं. ऐरोलीत कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून भरतीच्या वेळा बघून बोट सुटते. दोन्ही काठांना तिवरांची भिंत, मागे इमारतींची, डोक्यावर विजेच्या तारा, आणि मधे एवढा मोठा थवा की दुर्बीण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना हात दुखतो.

छोटा रोहित उंचीने मोठ्याच्या दोन-तृतीयांश. रंग जास्त गडद. चोच गडद लालसर काळी, दुरून काळीच दिसते. दोघे शेजारी उभे राहिले की फरक लगेच कळतो. खाऊ लागले की आणखी कळतो. मोठा डोकं पार तळापर्यंत नेतो. छोटा चोच पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवून डोकं डावी-उजवीकडे झुलवत चालत राहतो. त्याच्या खालच्या जबड्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे उलटी झालेली चोच पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर वर-खाली होत योग्य पातळीला राहते. आतले पापुद्रे मोठ्यापेक्षा कितीतरी बारीक आणि दाट, त्यांच्या कडांना सूक्ष्म केसांची झालर. त्यातून तो नीलहरित शेवाळं आणि डायटम गाळतो, म्हणजे डोळ्यांना दिसतही नाहीत असे जीव. आपल्याकडे औषधांच्या दुकानात स्पिरुलिना म्हणून ज्याच्या गोळ्या मिळतात, तेच पूर्व आफ्रिकेच्या खाऱ्या तलावांत या पक्ष्याचं मुख्य अन्न आहे. मोठा रोहित साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून पुढचं, जिवंत हलणारं खाद्य घेतो. त्यामुळे दोघे एका थव्यात, एका पाण्यात खातात आणि कुणी कुणाचं ताट ओढत नाही.

केनियातल्या नाकुरू तलावावर झालेल्या अभ्यासातून छोटा रोहित दिवसाला वाळल्या वजनाने ६० ते ७० ग्रॅम शेवाळ खातो असा अंदाज निघाला. ठाणे खाडीतली रोहितांची संख्या हंगामात लाखाच्या वर गेल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या, गणनांत आहे आणि त्यात बहुसंख्य छोटे रोहित आहेत. हाच दर धरला तर एक लाख पक्षी रोज सुमारे सहा टन वाळलं शेवाळ या खाडीतून उचलत असणार. ओलं वजन याच्या कितीतरी पट. मुंबई आणि नवी मुंबईच्या मधल्या पाण्यात हे घडतं.

रंग ताटातून येतो

रोहिताचं पिल्लू राखाडी जन्मतं आणि त्याची चोच सरळ असते. या दोन्ही गोष्टी खाण्याशी जोडलेल्या आहेत. चोच वाकून आतली गाळण्याची रचना तयार होईपर्यंत त्याला स्वतःचं खाता येत नाही, म्हणून आई आणि बाप दोघेही त्याला आपल्या अन्ननलिकेत तयार होणारं दूध पाजतात. हे दूध लाल असतं, कारण आईबापांच्या अंगातला रंग त्यात उतरतो. पिल्लं वाढवताना मोठे पक्षी फिके पडतात.

हा रंग मुळात शेवाळातल्या कॅरोटिन गटातल्या द्रव्यांचा. छोटा रोहित ती थेट खातो. मोठा रोहित शेवाळ खाणारे कवचधारी जीव खातो, त्याला ती एक पायरी नंतर मिळतात. यकृतात त्यांचं रूपांतर होतं आणि ती पिसांत, पायांत, चोचीत साठतात. प्राणिसंग्रहालयांत ठेवलेले रोहित पूर्वी वर्षभरात पांढुरके होत. त्यांच्या खाण्यात ही द्रव्यं मुद्दाम घालायला लागल्यावर ते पुन्हा गुलाबी होऊ लागले. उडताना दिसणारी पंखांची काळी पिसं मात्र वेगळ्या, मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याची, आणि ते पिसांना झिजण्यापासून वाचवतं. स्पेनमधल्या संशोधकांना २०१० मध्ये असंही आढळलं की मोठे रोहित शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगद्रव्ययुक्त तेल मानेने आणि गालाने पिसांना चोळतात आणि जोडीदार निवडण्याच्या काळात हे जास्त करतात. ज्याच्या पोटात भरपूर, त्याच्या अंगावर भरपूर. गुलाबी रंगावरून एका रोहिताला दुसऱ्याच्या जेवणाचा अंदाज येतो.

उजनीच्या थव्यात दुर्बीण फिरवली की मळकट राखाडी, आखूड पायांचे पक्षी मधेमधे दिसतात. अनेक जण त्यांना दुसरीच जात समजतात. ती मागच्या एक-दोन हंगामांतली पिल्लं. त्यांना पुरता रंग यायला तीन-चार वर्षं लागतात. त्यातली बरीच कच्छच्या मोठ्या रणातून आलेली असणार. पावसाचं पाणी साचलं की रणात रोहित चिखलाचे उंच ओटे करून त्यावर एकेकच अंडं घालतात. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९४५ मध्ये तिथल्या वसाहतीत पोचले होते आणि त्यांनी पाच लाखांच्या आसपास पक्ष्यांचा अंदाज केला होता. अलीकडे बीएनएचएसने ठाणे खाडीतल्या काही रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली. पावसाळ्याच्या तोंडावर ते गुजरातच्या दिशेने गेले आणि पुढच्या हंगामात परतले. तिकडे घर आहे आणि इकडे ताट, अशी त्यांची विभागणी.

घड्याळ चंद्राचं

उजनीत काठ महिनोन् महिने हळूहळू सरकतो. खाडीत तो दिवसातून दोनदा जातो आणि दोनदा येतो. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि रोहित त्यावर, पाण्याच्या कडेकडेने, पसरतात. पाणी जसं मागे जातं तसे तेही मागे जातात. भरती आली की पाणी खोल होतं, खाणं थांबतं आणि थवे उठतात. मग त्यांना कुठेतरी उथळ, शांत जागा लागते, चार-सहा तास उभं राहायला. भांडुप उदंचन केंद्राजवळची तळी, नेरूळचं डीपीएस तळं, टी. एस. चाणक्यजवळची आणि एनआरआय वसाहतीमागची पाणथळ जागा, उरणकडे पाणजे: या जागा म्हणजे भरतीतली विश्रांतिस्थानं. तिथेही काही खाणं होतं, पण मुख्य म्हणजे पिसं साफ करणं आणि झोप. एका पायावर उभं राहून झोपणं त्याला कष्टाचं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की त्या स्थितीत सांधे आपोआप असे जुळतात की स्नायूंना जवळपास काम उरत नाही.

ओहोटी रात्रीही असते आणि रोहित रात्रीही खातात. त्यांना डोळ्यांनी भक्ष्य शोधायचं नसतं, त्यामुळे अंधाराची अडचण नाही. भरती-ओहोटीप्रमाणे अंधारातही त्यांचे थवे खाडी आणि तळ्यांमधे ये-जा करतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरमध्ये मुंबईत उतरणाऱ्या विमानाची अशाच एका थव्याला धडक बसली आणि ३९ रोहित मेले. सकाळी ते रस्त्यांवर आणि गच्च्यांवर पडलेले सापडले. त्या बातमीत सगळ्यांनी विमानाचा विचार केला. मला वाटतं, पक्ष्यांच्या वेळापत्रकाचाही व्हायला हवा होता: भरतीच्या वेळी टेकायच्या जागा जितक्या कमी आणि जितक्या लांब, तितकी ही उड्डाणं जास्त आणि तितकी ती शहरावरून.

ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे मोठं काम झालं. पण अभयारण्याच्या रेषेत खाण्याची जागा आली आणि टेकण्याच्या बहुतेक जागा बाहेर राहिल्या. त्यांतल्या काहींत भरतीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या. वाट बुजली की तळं एक तर सुकतं किंवा साचून शेवाळाच्या जाड थराखाली जातं. नेरूळच्या डीपीएस तळ्यावर २०२४ च्या उन्हाळ्यात रोहित मेल्याच्या आणि जखमी झाल्याच्या बातम्या आल्या त्या वेळी पाण्याची ही आवकजावक बंद झाल्याचा मुद्दा पर्यावरणप्रेमींनी लावून धरला होता. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. रोहित या तळ्यात येतो तो चार बोटं खेळत्या पाण्यासाठी.

आपलं उष्टं

एक प्रश्न टाळून हा लेख पुरा होणार नाही. ठाणे खाडीत रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० च्या दशकापासून. त्याआधी ही खाडी होतीच, चिखलही होता. मधल्या काळात दोन्ही काठांवरची शहरं वाढली आणि त्यांचं सांडपाणी, बरंचसं अर्धवट प्रक्रियेचं किंवा प्रक्रियेविना, खाडीत जात राहिलं. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, तो शेवाळाचं खत. खाडीचा वरचा भाग अरुंद आणि उथळ, तिथे पाणी लवकर बाहेर वाहून जात नाही. शेवाळ वाढतं आणि छोटे रोहित येतात. सांडपाणी आणि रोहित यांचा हा संबंध पक्षितज्ज्ञ उघडपणे मांडत आले आहेत.

उजनीतही वेगळं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून या फुगवट्यात येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, जलपर्णी पसरते. गाळात राहणाऱ्या चिलटांसारख्या माश्यांच्या लाल अळ्या अशा कमी प्राणवायूच्या, सेंद्रिय घाण भरलेल्या चिखलात उत्तम वाढतात आणि मोठा रोहित त्या आवडीने खातो. होडी ढकलताना वर येणारा तो काळा, वासाचा गाळ हेच त्याचं धान्य.

यावरून काही लोक असं म्हणू लागले आहेत की प्रदूषण पक्ष्यांना मानवतं, मग ओरड कशाला. हे बोलणं चुकीचं आहे आणि धोक्याचंही. नीलहरित शेवाळांच्या काही जाती विष तयार करतात. पूर्व आफ्रिकेत बोगोरिया आणि नाकुरू तलावांवर छोटे रोहित मोठ्या संख्येने मेले त्यामागे या विषांचा हात असल्याचं संशोधकांना आढळलं. सांडपाण्याबरोबर जड धातू येतात, कारखान्यांची रसायनं येतात, आणि जो पक्षी दिवसभर पाणी गाळतो त्याच्या पोटात ती जात राहतात. शिवाय हे पाणी फक्त रोहिताचं नाही. खाडीतल्या कोळ्यांची जाळी आणि उजनीवरच्या भोयांची चिलापीसुद्धा याच पाण्यातून येते आणि सोलापूरच्या नळालाही हेच पाणी जातं.

उजनीवर परतताना नावाड्याने मला विचारलं. पुण्याचं पाणी साफ झालं तर हे पक्षी यायचे थांबतील का? मी म्हटलं, कमी होऊ शकतील. त्याचा हंगामी धंदा त्यावर अवलंबून आहे, हे मला माहीत होतं, तरी दुसरं उत्तर देता येईना. रोहित भटका आहे. त्याच्याकडे सांभर आहे, चिल्का आहे, पुलिकत आहे, गुजरातचा सगळा किनारा आहे. अन्न कमी झालं तर तो दुसरीकडे जातो, हजारो वर्षं तेच करत आला आहे. भीमेचं पाणी शुद्ध होऊन उजनीत निम्मेच रोहित उतरले तर ते मला चालेल.

न चालणारी गोष्ट वेगळी आहे. शेवाळ कमी-जास्त होतं, पुन्हा वाढतं. भराव टाकलेला चिखल पुन्हा चिखल होत नाही. शिवडीच्या ज्या दलदलीवर मुंबईकरांनी रोहित पहिल्यांदा पाहिले तिच्यावरून आता अटल सेतू जातो. उरणच्या बाजूला पाणथळ जागा एकेक करून बुजत आहेत. नवी मुंबईतल्या तळ्यांपुढचं काम त्यामानाने सोपं आणि स्वस्त आहे: भरतीचं पाणी आणणारे नाले आणि नळ उघडे ठेवायचे, दर पावसाळ्यानंतर त्यांतला गाळ काढायचा, आणि तळ्याच्या काठावर पाण्याची खोली दाखवणारी एक पट्टी रोवून ती कुणीतरी रोज वाचायची. उजनीवरचे होडीवाले बांबूने हेच करतात.